आपल्या पत्त्यातला राजा

आधार कार्डावर, वीजबिलावर, मुलांच्या लग्नपत्रिकांवर आपण सगळेच पंचवीस वर्षं एका राजाचं नाव लिहीत आलो आहोत. थिबा पॅलेस रोड, रत्नागिरी. रिक्षावाल्याला तर पॅलेसही सांगावं लागत नाही, नुसतं थिबा म्हटलं की तो रिक्षा वळवतो. स्मरणिका समितीने मला आपल्या भागातले रस्ते आणि जुन्या इमारती यांवर काहीतरी लिहा असं सांगितलं. इमारतींची यादी देण्यापेक्षा ज्याच्यामुळे या भागाला नाव मिळालं त्या माणसाची हकिगत सांगावी असं मला वाटलं. आपल्या नातवंडांना थिबा म्हणजे संध्याकाळी फिरायला जायचा पॉइंट, फार तर म्युझियम. तो एक माणूस होता, त्याला दोन राण्या आणि चार मुली होत्या, आणि त्याला रत्नागिरीत मुळीच यायचं नव्हतं, हे त्यांना ठाऊक नसतं. मोठ्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे याचीही मला शंका आहे.

थिबाचा जन्म १ जानेवारी १८५९ चा, ब्रह्मदेशातल्या मंडालेचा. वडील मिंडॉन हे राजे, आणि मंडाले शहर त्यांनीच दोन वर्षांपूर्वी वसवायला घेतलेलं. शहराच्या मधोमध तटबंदीचा प्रचंड चौक, एकेक बाजू सुमारे दोन किलोमीटरची, भोवती पाण्याने भरलेला खंदक, आणि आत सगळा राजवाडा सागवानी लाकडाचा. मिंडॉनना राण्या पुष्कळ आणि मुलं त्याहून पुष्कळ. थिबाची आई राजाच्या मर्जीतून उतरलेली होती. त्यामुळे हा मुलगा गादीवर येईल असं कोणाच्याच मनात नव्हतं. तो काही काळ इंग्रज मिशनऱ्यांच्या शाळेत गेला, मग बौद्ध मठात राहिला आणि धर्मग्रंथांच्या परीक्षेत उत्तम रीतीने पास झाला. अभ्यासू, शांत, थोडा बुजरा मुलगा. त्याला तसंच राहू दिलं असतं तर तो एखाद्या मठाचा प्रमुख होऊन सुखाने म्हातारा झाला असता, असं मला वाटतं.

पण १८७८ च्या ऑक्टोबरमध्ये मिंडॉन वारले आणि एका महत्त्वाकांक्षी राणीने दरबारातल्या मंत्र्यांना हाताशी धरून आपला जावई म्हणून थिबाला पुढे केलं. तिची मुलगी सुपायालात, म्हणजे थिबाची सावत्र बहीणच. त्या घराण्यात रक्त शुद्ध राहावं म्हणून अशी लग्नं होत. थिबाचं वय तेव्हा एकोणीस. पुढच्याच वर्षी, १८७९ च्या फेब्रुवारीत, गादीवर हक्क सांगू शकतील अशा सुमारे ऐंशी आप्तांना राजवाड्यात ठार मारण्यात आलं. त्यात सावत्र भाऊ होते, बायका होत्या, मुलं होती. हुकूम कोणाचा, राजाचा की सासू-राणीचा, यावर इतिहासकारांनी खूप लिहिलं आहे. इंग्रजांनी या प्रकाराचा पुढे सोयीने गाजावाजा केला हेही खरं. पण राजा तोच होता. आपल्याकडे थिबाची गोष्ट सांगताना लोक त्याला नुसता बिचारा करून टाकतात, ते मला पटत नाही. रत्नागिरीत जे भोगलं ते खरं, आणि मंडालेत जे घडलं तेही खरं.

त्याचं राज्य गेलं ते मात्र या हत्यांमुळे नाही. ते गेलं लाकडामुळे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या मुंबईच्या कंपनीकडे ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलांचा मक्ता होता. (शेअरबाजाराची पानं वाचणाऱ्यांना हे नाव ओळखीचं असेल. कंपनी अजून आहे, मालक बदलले.) जेवढे ओंडके नदीत सोडले त्यापेक्षा कमी दाखवून राजाचा महसूल बुडवला, असा आरोप ठेवून १८८५ मध्ये थिबाच्या दरबाराने कंपनीला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. त्याच सुमाराला दरबार फ्रेंचांशी बोलणी करत होता, आणि इंग्रजांना हेच खुपत होतं. दंडाचं निमित्त मिळालं. ऑक्टोबरात निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरात फौज बोटींतून इरावती नदीने वर निघाली, आणि दोन आठवड्यांत लढाई संपली. २९ नोव्हेंबर १८८५ ला राजा-राणीला राजवाड्यातून साध्या बैलगाड्यांतून नदीच्या धक्क्यावर नेलं. दुतर्फा लोक उभे होते. १ जानेवारी १८८६ ला उत्तर ब्रह्मदेश इंग्रजी राज्याला जोडल्याचं जाहीर झालं. तो दिवस थिबाचा सत्ताविसावा वाढदिवस होता.

आधी मद्रास. तिथे साडेतीन-चार महिने ठेवलं, आणि तिथेच मार्चमध्ये तिसरी मुलगी जन्मली. त्यानंतर एप्रिल १८८६ मध्ये ‘क्लाइव्ह’ नावाच्या सरकारी जहाजातून सगळं कुटुंब आपल्या बंदरात उतरलं. राजा, मोठी राणी सुपायालात, तिची धाकटी बहीण आणि थिबाची दुसरी राणी सुपायागले, तीन मुली, काही बर्मी नोकर-दासी.

रत्नागिरीच का, तर इथे पोचणं कठीण होतं म्हणून. आपल्याला आज रेल्वे आहे, महामार्ग आहे (खड्ड्यांसकट). तेव्हा मुंबईहून बोट हाच काय तो मार्ग, आणि आगोट लागली की बोटीही बंद, त्या नारळी पौर्णिमेनंतर सुरू. घाट चढून कोल्हापूरला जायचं तर बैलगाडी. मंडालेहून कोणी निष्ठावंत सरदार राजाला सोडवायला निघाला तरी इथवर येईपर्यंत चार ठिकाणी पकडला जाईल, असा सरकारचा हिशेब असणार. आपलं गाव सुंदर म्हणून राजाला दिलं नव्हतं, अडचणीचं म्हणून दिलं होतं. त्यात मंडाले हा तुलनेने कोरडा मुलूख. तिथून आलेल्या माणसांनी दोन महिन्यांत मिरगाचा पाऊस पाहिला असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार मी दर जूनमध्ये गॅलरीत उभा राहून करतो. आमच्या भिंतींना ओल येते म्हणून आपण कमिटीच्या मीटिंगा घेतो. त्यांच्याकडे रेशमी वस्त्रं होती, सोनेरी वर्खाची पेटारी होती, आणि चार महिने सूर्य नाही.

उतरवलं होतं इंग्रज अधिकाऱ्यांसाठी बांधलेल्या दोन बंगल्यांत. एकाचं नाव आउट्रम हॉल, दुसरा बेकरचा बंगला. बंगले साहेबी कुटुंबाच्या मापाचे. दोन राण्या, मुली आणि तीस-चाळीस नोकर राहतील असा विचार करून ते कोणी बांधलेले नव्हते. पुढच्याच वर्षी, १८८७ च्या एप्रिलमध्ये, चौथी मुलगी जन्मली. म्हणजे ती आपल्यासारखीच जन्माने रत्नागिरीकर. राजावर देखरेख ठेवायला एक पोलीस अधिकारी नेमला होता. पत्रं त्याच्या हातून जात-येत. राजा फारसा बाहेर पडतच नसे. गावाने त्याला पाहिलं असेल ते क्वचित, लांबून. तरी आत मंडालेचा रिवाज चालू होता. भेटायला येणाऱ्याने जोडे काढायचे, जमिनीवर बसायचं, नोकरांनी राजासमोर उभं राहायचं नाही, गुडघ्यांवर रांगत यायचं. ज्याच्या ताब्यात एक जिल्हाही नाही त्याने हा दरबार का टिकवावा, असं इंग्रज अधिकाऱ्यांना वाटे. मला ते समजू शकतं. रिटायर झाल्यावरही वर्षभर मी सकाळी पावणेदहाला बूट घालून बसत असे, घरचे हसत.

आता पैशांचं. हा माझा प्रांत, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

राज्य गेलं तेव्हा राजवाड्यात जडजवाहिर अपार होतं. त्यातलं सर्वांत प्रसिद्ध म्हणजे ङामौक नावाचं माणिक. ते आणि इतर मौल्यवान जिन्नस धांदलीच्या त्या दिवशी कर्नल स्लेडन या इंग्रज अधिकाऱ्याने सुरक्षित ठेवण्यासाठी म्हणून घेतले आणि परत दिले नाहीत, अशी राजघराण्याची कायमची तक्रार राहिली. थिबाने त्यासाठी अर्जांवर अर्ज केले. माणिक मिळालं नाही. त्याचा पुढे काय प्रवास झाला यावर आजही ब्रह्मदेशात, म्हणजे म्यानमारमध्ये, लेख येत असतात.

राणीच्या अंगावरचं आणि पेटाऱ्यांत लपवून आणलेलं जे काही होतं, ते रत्नागिरीत आलं. सरकार तनखा देत होतं, पण राजाला हिशेब माहीतच नव्हता. ज्याने कधी पैसा हातात धरला नाही, ज्याला वस्तूची किंमत विचारायची सवय नाही, त्याला महिन्याचं बजेट कोण शिकवणार? हात सढळ. मग एकेक दागिना बाहेर जाऊ लागला. विकत घेणारे आपल्याच गावातले आणि आजूबाजूचे व्यापारी. मी नोकरीत असताना सोनेतारणाचं काउंटर काही वर्षं सांभाळलं आहे. अडलेला माणूस दागिना पुढे करतो तेव्हा त्याचा हात थोडा मागे-पुढे होतो, आणि समोरचा जर बँकेचा नसून सावकार असेल तर त्याला त्या हाताकडे बघूनच भाव ठरवता येतो. तिथे तर विकणारा राजा, भाषा येत नाही, बाजार माहीत नाही, आणि दुसरा गिऱ्हाईक आणायची सोय नाही. अशा विक्रीत काय भाव मिळाला असेल हे सांगायला पावत्या बघायची गरज नाही. दागिने संपत आले तशी उसनवारी सुरू झाली, कर्जं झाली, आणि ती निस्तरायला सरकारला मध्ये पडावं लागलं. ब्रह्मदेशचे ते खडे कोकणातल्या कोणाकोणाच्या घरात, कुठल्या नथीत, कुठल्या कुड्यांत बसले असतील कोण जाणे. एखादं माणिक आजही आपल्या एखाद्या बँकेच्या लॉकरमध्ये पडून असेल, आणि लॉकरधारकालाही माहीत नसेल.

दुसरी मागणी घराची. ही गोष्ट आपल्या सभासदांना लगेच कळेल. आपल्या बिल्डरने (नाव नको) ताबा द्यायला दोन पावसाळे जास्त घेतले तेव्हा आपण केवढा आरडाओरडा केला होता, आठवतं ना? थिबा १८८६ च्या एप्रिलमध्ये आला आणि स्वतःच्या म्हणाव्या अशा घरात राहायला गेला १९१० साली. चोवीस वर्षं. अर्ज, शेरे, अंदाजपत्रक, पुन्हा शेरे. बंगले गळतात, जागा पुरत नाही, मुली मोठ्या झाल्या. मुंबई सरकार आणि ब्रह्मदेश सरकार यांच्यात खर्च कोणी सोसायचा याची टोलवाटोलवी. शेवटी भाट्याच्या खाडीकडे तोंड करून असलेली ही टेकडी ठरली. नकाशात राजाचं म्हणणं विचारात घेतलं गेलं, आणि वाडा उभा राहिला.

तो आपण रोज पाहतो, म्हणून नीट पाहत नाही. एकदा बाहेरच्यासारखं जाऊन बघा. चिरा आपलाच, लाल जांभा. छप्पर आपल्याच पावसासाठी उतरतं. पण खिडक्यांच्या अर्धवर्तुळाकार लाकडी कमानी आणि त्यांवरचं नक्षीकाम कोकणी नाही, साहेबीही पूर्ण नाही. पहिल्या मजल्यावर संगमरवरी फरशीचा मोठा दिवाणखाना आहे. मागच्या बाजूला थिबाने आणलेली बुद्धमूर्ती आहे. वरच्या मजल्याच्या सज्जातून डावीकडे भाट्याची खाडी, समोर समुद्र. ज्या माणसाला पळून जाऊ द्यायचं नाही त्याला सरकारने बोटी येताना-जाताना दिसतील अशा जागी घर दिलं. यात कोणी मुद्दाम काही केलं नसेल, टेकडी हवेशीर म्हणून निवडली असेल. पण सहा वर्षं त्याने तेच पाहिलं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या गावातल्या टिळक आळीत २३ जुलै १८५६ ला जन्मलेले बाळ गंगाधर टिळक १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांच्या शिक्षेवर पाठवले गेले ते मंडालेला. तिथला तुरुंग थिबाच्या त्याच चौकोनी तटबंदीच्या आत होता. इंग्रजांनी त्या तटबंदीला फोर्ट डफरिन असं नाव दिलं होतं. १९१०-११ च्या हिवाळ्यात लोकमान्य तिथे लाकडी फळ्यांच्या खोलीत बसून पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहीत होते. आणि त्याच हिवाळ्यात थिबा रत्नागिरीत नव्या वाड्यात सामान लावत होता. दोघे एकमेकांच्या गावात कैदी. टिळक आळीपासून थिबा राजवाड्यापर्यंत माझ्यासारखा म्हातारासुद्धा चालत जाऊ शकतो. टिळक १९१४ मध्ये सुटून परत आले. थिबाला ती सोय नव्हती.

वाड्यातली सहा वर्षं सुखाची गेली म्हणावं तर तसंही नाही. १९१२ च्या जूनमध्ये धाकटी राणी सुपायागले वारली. १९१४ मध्ये चारही राजकन्यांचा कान टोचण्याचा समारंभ मोठ्या थाटाने झाला. बर्मी रिवाजाप्रमाणे हा विधी मुलगी वयात येते तेव्हा करायचा, आपल्याकडे मुलाची मुंज वेळेवर करतात तसा. इथे थोरली तेहतीस-चौतीस वर्षांची झाली होती आणि सर्वांत धाकटी सव्वीस-सत्तावीसची. गावातले प्रतिष्ठित आणि अधिकारी निमंत्रित होते. फोटो निघाले, ते उपलब्ध आहेत. जरीकामात मढवलेल्या चौघी अगदी ताठ बसल्या आहेत.

या मुलींचं काय करायचं हा प्रश्न बापाला सुटला नाही. त्यांना रीतसर शाळा मिळाली नाही. नोकर-चाकरांकडून हिंदुस्थानी, मराठी शिकल्या. लग्न करायचं तर राजरक्ताचा मुलगा हवा, आणि तो रत्नागिरीत कुठून आणायचा? शिवाय सरकारची परवानगी. वर्षं जात राहिली. थोरल्या राजकन्येचं मन वाड्याकडे नोकरीला असलेल्या गोपाळ सावंत या आपल्या कोकणी माणसावर बसलं. तो विवाहित होता. १९०६ मध्ये तिला मुलगी झाली. आई-बापावर केवढं आभाळ कोसळलं असेल याची कल्पना त्या काळच्या कुठल्याही घरातल्या माणसाला करता येईल, राजाच्याच नव्हे. पण ती मुलगी घरात वाढली. दुसरी राजकन्या खिन माउंग लाट या बर्मी तरुणाशी लग्न करायला निघाली. तो थिबाच्या माणसांतलाच, पण थिबाला हे मान्य नव्हतं. ती वाडा सोडून अधिकाऱ्याच्या बंगल्यावर निघून गेली. राजाने तिला आणायला मोटार पाठवली आणि ती रिकामी परत आली, त्या धक्क्याने तो खचला, असं सांगतात. पुढे १९१७ मध्ये तिचं लग्न त्याच्याशीच झालं आणि जोडपं दूर कलिंपाँगला राहायला गेलं.

१९१६ च्या डिसेंबरात, १५ तारखेच्या रात्री, थिबा वारला. वय सत्तावन्न. हिशेब केला तर तो ब्रह्मदेशात सत्तावीस वर्षंही पुरती राहिला नव्हता आणि रत्नागिरीत तीस वर्षं आठ महिने राहिला. म्हणजे कागदोपत्री तो मंडालेचा असला तरी डोमिसाइल आपलंच.

मरणानंतरही त्याची वाट पाहणं संपलं नाही. सुपायालातने शव मंडालेला नेऊ द्या म्हणून धरणं धरल्यासारखा हट्ट धरला. सरकारला मेलेल्या राजाचीही भीती. तिकडे प्रेतयात्रा निघाली तर लोक उठतील. म्हणून परवानगी नाही. आणि इथे पुरायला राणी तयार नाही. त्यामुळे राजाची शवपेटी, आणि तिच्याबरोबर धाकट्या राणीचीही, वाड्याच्या आवारातच राहिली. दोन वर्षांहून जास्त काळ. शेवटी सरकारने राणीचा विरोध मोडून काढला आणि १९ मार्च १९१९ ला दोघांना रत्नागिरीतच ख्रिस्ती दफनभूमीला लागून असलेल्या जागेत ठेवलं. सुपायालात त्या वेळी गेली नाही. नंतरच्याच महिन्यात तिला आणि मुलींना ब्रह्मदेशात परतण्याची मुभा मिळाली. मंडालेला नाही, फक्त रंगूनला. ती तिथे १९२५ मध्ये वारली आणि तिची समाधी तिथेच आहे. नवरा रत्नागिरीत, बायको रंगूनमध्ये, आणि मधे बंगालचा उपसागर आणि अख्खा हिंदुस्थान. दिल्लीचा बहादूरशहा जफर १८६२ मध्ये रंगूनमध्ये गेला, त्याची कबर तिकडे. एकेका राजाची अशी अदलाबदल करून इंग्रजांनी दोन्ही देशांच्या माणसांना काय ते समजावलं.

वाडा रिकामा झाल्यावर सरकारी जागेचं जे होतं ते त्याचं झालं. अधिकारी राहिले, कचेऱ्या आल्या, बरीच वर्षं पॉलिटेक्निक तिथे भरत असे. आपल्या सोसायटीतले एक-दोन जण तरी त्या दिवाणखान्यात ड्रॉइंग बोर्ड मांडून बसलेले असतील. आता तिथे पुरातत्त्व खात्याचं वस्तुसंग्रहालय आहे, आणि जानेवारीत अंगणात संगीत महोत्सव होतो तेव्हा वाड्यावर दिवे सोडतात. मंडालेचा खरा लाकडी राजवाडा मार्च १९४५ मध्ये लढाईत जळून गेला. तिकडे आज पर्यटकांना दाखवतात तो पुन्हा बांधलेला. मूळच्या भिंती बघायच्या तर थिबाच्या माणसांना आपल्या टेकडीवर यावं लागतं. आणि ते येतात. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन समाधीला येऊन गेले. तेव्हा दोन दिवसांत आपल्याकडचे रस्ते गुळगुळीत झाले होते, एवढं सगळ्यांना आठवत असेल.

समाधी शिवाजीनगरच्या वस्तीत आहे. वाड्यावर जाणाऱ्या शंभर माणसांपैकी पाच तरी तिथे जातात की नाही, शंका आहे. चारी बाजूंनी घरं, वाळत घातलेले कपडे, क्रिकेट खेळणारी मुलं, आणि मधे कुंपणात ते दगडी बांधकाम. बाहेरून आलेले पाहुणे हे बघून हळहळतात. मला त्यात फार गैर वाटत नाही. ज्या माणसाला तीस वर्षं गावापासून वेगळं ठेवलं, त्याच्या आसपास आता निदान गाव आहे. पण भिंतीवर पिंपळ उगवला तर उपटायला कोणी हवं, आणि कचरा त्या बाजूला टाकू नये, एवढं सांगणं म्हणजे कौतुकाचा समारंभ नाही, साधं शेजारधर्माचं काम आहे. कमिटीने हे मनावर घ्यावं, वर्गणीचा प्रश्न येणार नाही.

राहिली थोरली राजकन्या आणि तिची मुलगी. १९१९ मध्ये आईबरोबर ब्रह्मदेशात गेलेली राजकन्या तिथे रमली नाही. ती रत्नागिरीला परत आली. गोपाळ सावंतांच्या आधाराने राहिली, आणि अतिशय गरिबीत जून १९४७ मध्ये वारली. स्वातंत्र्य दोन महिन्यांवर होतं. तिची मुलगी टूटू इथेच वाढली, इथेच शंकर पवारांशी लग्न करून संसाराला लागली. कागदाची फुलं करून विकली, शेणी थापल्या, मुलं वाढवली. बर्मी भाषा त्यांना येत नव्हती. मराठीच बोलत, ती आपल्या गावची मराठी. परदेशातले पत्रकार त्यांना शोधत यायचे आणि मंडालेच्या राजाची नात म्हणून फोटो काढून न्यायचे. शेजारणींना त्या नातीपेक्षा फुलंवाली म्हणूनच जास्त परिचयाच्या. आपल्यातल्या काही जणींनी गणपतीच्या मखरासाठी त्यांच्याकडची फुलं नेलीही असतील.

२००० साली अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’ ही इंग्रजी कादंबरी आली आणि थिबाचं रत्नागिरी जगभर वाचलं गेलं. आपल्या सोसायटीची नोंदणीही त्याच वर्षीची. रजिस्ट्रारच्या दाखल्यावर टंकलिखित पत्ता आहे, त्यात थिबा पॅलेस रोड असं स्पष्ट लिहिलं आहे. टूटू पवार त्याच वर्षी वारल्या. वय चौऱ्याण्णवच्या आसपास.